दयेचा नेम

सद्गुण शिकवितां येतो, कीं तो अभ्यासानें अंगीं बाणतो, कीं उपजतच असावा लागतो, हा प्रश्न मेनो नांवाच्या तरुणानें सॉक्रेटिसाला विचारल्याचें प्लेटोनें आपल्या एका संवादांत लिहून ठेविलें आहे. त्या गोष्टीला दोन हजारांहून अधिक वर्षें लोटलीं. प्रश्न मात्र जागच्या जागींच आहे. मोठमोठ्या ग्रंथकारांनीं त्याचा पिच्छा पुरविला. परंतु त्याचें उत्तर रोजच्या रोज कोणाला द्यावें लागत असेल, तर तें आईबापांना. सिद्धान्त ठरेपर्यंत थांबण्याची सवड त्यांना नसते. तोंवर मूल मोठें होऊन जातें. म्हणून ह्या जुन्या प्रश्नाकडे आज आम्ही एका अगदीं लहान, कागदी वस्तूच्या द्वारें पाहण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे युरोप-अमेरिकेंतील कांहीं ख्रिस्ती कुटुंबांत नाताळापूर्वीं मुलांना बरोबर घेऊन घरच्या घरीं करण्यांत येणारें दयेचें पंचांग.

नाताळापूर्वींच्या चार रविवारांनीं व्यापलेल्या काळास मराठी ख्रिस्ती बांधव 'आगमनकाळ' म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे. कारण ज्या लॅटिन शब्दावरून त्याचें युरोपीय नांव पडलें, त्याचाही अर्थ 'येणें' असाच आहे. ह्या काळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर ह्यांच्या दरम्यान केव्हांही येतो. पण मुलांचें पंचांग सोयीसाठीं बहुधा १ डिसेंबरला सुरू होऊन २४ ला संपतें. तें करण्यास खर्च असा लागत नाहीं. आगपेटीच्या चोवीस रिकाम्या पेट्या एकमेकींस चिकटवून त्यांचें लहानसें कपाट करावें, अथवा चोवीस कागदी पाकिटें दोरीला चिमट्यांनीं टांगावीं. वर आंकडे घालावे, आणि आंत एकेक चिठ्ठी ठेवावी. बाजारी पंचांगांत त्या जागीं मिठाई असते. ह्यांत काम असतें. शेजारच्या आजीबाईंच्या दारापुढचें बर्फ झाड. पांखरांना दाणे टाक. आवडत्या खेळण्यांपैकीं एक देऊन टाक. वर्गांत जो एकटा बसतो त्याच्या शेजारीं बैस. रोज सकाळीं एक पेटी उघडावी आणि निजण्यापूर्वीं आंतील काम उरकावें, इतकाच हा खेळ.

ह्या वस्तूची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील प्रॉटेस्टंट घरांत दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढीत आणि मुलें रोज एक रेघ पुशीत. हँबुर्गजवळ योहान हिन्रिख विखर्न ह्या धर्मोपदेशकानें निराधार मुलांसाठीं १८३३ सालीं राउहेस हाउस नांवाचें आश्रयगृह काढलें होतें. नाताळ कधीं येणार ह्या मुलांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून १८३९ सालीं त्यानें एका लांकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारांसाठीं चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठीं लहान. कांहीं घरांत, विशेषतः कॅथॉलिक घरांत, निराळीच चाल होती. तेथें बाळ येशूची गव्हाण रिकामी मांडून ठेवीत, आणि मुलानें एखादें चांगलें काम केलें कीं तींत पेंढ्याची एक काडी ठेवावयाची. थॉमस मान ह्यांच्या १९०१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'बुडेनब्रूक्स' ह्या कादंबरींतील लहानगा हान्नो घरींच केलेल्या पंचांगावरून नाताळाचे दिवस मोजतो, हें त्या पुस्तकाच्या वाचकांस आठवत असेल. पुढें म्युनिकच्या गेर्हार्ट लांग ह्यांनीं, आपल्या आईनें लहानपणीं पुठ्ठ्यावर चिकटवून दिलेल्या चोवीस बिस्किटांची आठवण ठेवून, छापील पंचांगांचा व्यवसाय सुरू केला. दुसऱ्या महायुद्धांत हा उद्योग बंद पडला. १९४६ सालीं रिखार्ट झेल्मर ह्यांनीं श्टुटगार्ट येथें तो पुन्हां उभा केला. १९७१ सालीं कॅडबरी कंपनीनें इंग्लंडांत चॉकलेटचें पंचांग विकावयास आणलें, आणि आतां तर दारांआड मिळणार नाहीं अशी वस्तु विरळा.

ह्या इतिहासांत एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी आहे. रेघ पुसणाऱ्या मुलाला रोज कांहीं मिळत नसे. उलट रोज एक रेघ कमी होत असे. तो वाट पाहण्याचा अभ्यास होता. चॉकलेटच्या पंचांगानें वाट पाहणें मोडून त्याचे चोवीस हप्ते केले. ज्याला रोज थोडें थोडें मिळतें, तो वाट पाहत नाहीं. तो वसुली करतो. दयेचें पंचांग करणाऱ्या आईबापांना हें खटकलें असावें, आणि म्हणून त्यांनीं पेटी तीच ठेवून तिच्यांतील व्यवहाराची दिशा फिरविली. हेतु उत्तम आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु उत्तम हेतूचीच परीक्षा अधिक कसोशीनें घ्यावी लागते.

पहिला आक्षेप कोणालाही सुचेल असा आहे. दया ही हृदयाची ऊर्मि. ती तारीखवार कशी यावी? सात तारखेला भूतदया आणि आठ तारखेला बंधुप्रेम, असें वेळापत्रक अंतःकरणाला लावतां येतें काय? ह्या आक्षेपाला आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं. कांट ह्या तत्त्ववेत्त्यानें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत ह्याच्या नेमकें उलट प्रतिपादिलें आहे. ज्याचें मन दुःखानें काळवंडलें आहे, दुसऱ्याविषयीं ज्याला कांहींच वाटेनासें झालें आहे, असा मनुष्य केवळ कर्तव्य म्हणून दुसऱ्याच्या मदतीस धांवला, तर नैतिक मूल्य खरें त्याच्या कृत्यास, असें तो म्हणतो. सहा वर्षांच्या मुलाला कांट कळावयाचा नाहीं. पण कंटाळा आला असतांही उठावें लागतें, हें त्याला कळूं शकतें. ऊर्मीवर विसंबणारी दया ज्याच्याविषयीं ऊर्मि येत नाहीं त्याच्या वांट्याला कधींच जात नाहीं. आणि अशा माणसालाच तिची गरज अधिक असते.

अरिस्टॉटलचें मत तर पंचांगाच्या बाजूचेंच दिसेल. वीणा वाजवूनच मनुष्य वीणावादक होतो, तसा न्यायाचीं कृत्यें करूनच तो न्यायी होतो, असा त्याचा सिद्धान्त. पण त्यानेंच पुढें एक अट घातली आहे, ती विसरूं नये. कृत्य बाहेरून न्यायाचें दिसलें म्हणजे कर्ता न्यायी ठरत नाहीं. त्यानें तें जाणून, स्वतः निवडून आणि त्या कृत्याकरितांच केलेलें असावें लागतें. चिठ्ठी उघडणारें मूल हें निवडतें काय? तें हुकूम पाळतें. हुकूम प्रेमळ आहे, रंगीत कागदावर लिहिलेला आहे. पण तो हुकूमच.

आमच्या वाचकांना हा पेंच परका नाहीं. चातुर्मासाचे नेम आपण घरोघर पाहिले आहेत. नेमानें मनाला वळण लागतें, हें खरें. आणि नेमाचें रूपांतर मोजदादींत होतें, हेंही तितकेंच खरें. देवाला लक्ष फुलें वाहणाऱ्याचें लक्ष शेवटीं फुलांच्या आंकड्यावर राहतें. मराठी भाषेनें 'लाखोली' हा पवित्र शब्द उचलून शिव्यांना जोडून दिला, ह्यांत लोकांचा ह्या मोजदादीवरचा अभिप्राय व्यक्त झाला आहे, असें आम्हांस वाटतें.

मोजदादीचा धोका हल्लींच्या मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखविला आहे. १९७३ सालीं लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनीं चित्रें काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांपैकीं कांहींना आधीं कबूल करून बक्षीस दिलें. तीं मुलें नंतर आपण होऊन चित्रें काढण्यास पूर्वीइतकीं प्रवृत्त होईनात. २००८ सालीं वार्नेकेन आणि टोमासेलो ह्यांना वीस महिन्यांच्या बालकांत हाच प्रकार आढळला. पडलेली वस्तु उचलून देणाऱ्या ज्या बालकांना वस्तुरूप बक्षीस मिळालें, तीं पुढें कमी मदत करूं लागलीं. ज्यांना कांहीं मिळालें नाहीं किंवा केवळ शाबासकी मिळाली, तीं मदत करीत राहिलीं. तात्पर्य, दया ही बाहेरून ओतावी लागते असें नाहीं. ती थोडी तरी आंत असतेच, आणि आपण तिला मोल देऊन घालवूं शकतों. म्हणून चिठ्ठीबरोबर चॉकलेट ठेवणाऱ्या आईबापांनीं विचार करावा. केलेल्या कामापुढें चांदणी चिकटविण्याची रीत तर आम्ही सर्वस्वीं टाकाऊ समजतों. ६ डिसेंबरला ज्यांचा सण येतो त्या संत निकोलसांची आख्यायिकाच येथें मार्गदर्शक आहे: तीन गरीब मुलींच्या लग्नासाठीं त्यांनीं सोनें रात्रीं, कोणास न कळत, घरांत टाकलें. आपल्याकडे गुप्तदान म्हणतात तें हेंच. त्या दिवसाचें काम मुलानें करावें आणि घरीं कोणास सांगूं नये. आईबापांनींही विचारूं नये. ही शेवटची अट आईबापांनाच अधिक जड जाईल.

येथवरचे आक्षेप देणाऱ्या मुलासंबंधीं झाले. पण दयेच्या व्यवहारांत दुसराही एक पक्ष असतो, आणि पंचांगाच्या उत्साहांत त्याचा विसर पडतो. समजा, नऊ तारखेच्या चिठ्ठींत 'एकट्या राहणाऱ्या आजींना भेटून ये' असें लिहिलें आहे. मूल जातें, केक देतें, अर्धा तास बसतें. आजींच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो. मूल प्रसन्न होऊन परततें आणि नववी पेटी मिटते. दहा तारखेस चिठ्ठी पांखरांची असते. परंतु आजींच्या घरीं पंचांग नाहीं. त्या दहा तारखेसही दाराकडे पाहतात, आणि अकरा तारखेसही. नाताळ होऊन जातो, जानेवारीचें बर्फ पडतें, आणि दार वाजत नाहीं. कांटनेंच सांगितलें आहे कीं माणसाला केवळ साधन म्हणून वापरूं नये. ह्या मुलाच्या नीतिशिक्षणासाठीं त्या वृद्धेचा एक दिवस साधन म्हणून वापरला गेला, असें कोणीं म्हटलें तर आपण काय उत्तर देणार? एकटेपणाची संवय झालेल्या मनुष्याला एक दिवस सोबत देऊन मग ती काढून घेणें, ही गोष्ट मुळींच न जाण्यापेक्षां अधिक निष्ठुर असूं शकते.

ह्यावर पंचांग मोडून टाकावें, असें आमचें म्हणणें नाहीं. आमची सूचना इतकीच, कीं चिठ्ठ्यांचे दोन वर्ग करावे. कांहीं कामें त्या दिवशींच पुरीं होतात: बर्फ झाडणें, दाणे टाकणें, खेळणें देणें. तीं खुशाल तारखेवर घालावीं. दुसरीं कामें म्हणजे कोणाच्या तरी आयुष्यांत पाऊल टाकणें. तीं पुरीं होत नाहींत, सुरू होतात. ज्या माणसाकडे जानेवारींत जाण्याची आपली तयारी नाहीं, त्याचें नांव डिसेंबरच्या चिठ्ठींत लिहूं नये. ह्या नियमानें पंचांगांतील कित्येक सुंदर चिठ्ठ्या गळतील. गळूं द्याव्या. उरतील त्या खऱ्या असतील.

आणि ह्यावरूनच, हें पंचांग घरीं आणि मुलांना घेऊन कां करावें, ह्याचेंही उत्तर मिळतें. तयार चिठ्ठ्यांचा संच विकत आणला, तर मुलाला फक्त उघडण्याचें काम उरतें. पण चिठ्ठी स्वतः लिहावयाची म्हटली कीं त्याला विचार करावा लागतो: कोणाला कशाची गरज आहे? वर्गांत एकटा कोण बसतो? सकाळीं काळोखांत टपाल घेऊन येणाऱ्या माणसाचे हात गारठत असतील काय? आजवर जें कधीं पाहिलें नव्हतें, तें ह्या प्रश्नांनीं दिसूं लागतें. अरिस्टॉटलनें मागितलेली निवड उघडण्याच्या दिवशीं नसली, तरी लिहिण्याच्या दिवशीं होऊं शकते. स्वतः लिहिलेली चिठ्ठी उघडणारें मूल आपलाच शब्द पाळीत असतें. दया शिकवितां येते कीं नाहीं, ह्याचा निकाल आम्ही देत नाहीं; परंतु पाहणें शिकवितां येतें, आणि न पाहणाऱ्याला दया करतां येत नाहीं, एवढें निश्चित. हें शिकविणाऱ्यानें स्वतःही पाहत असावें, हें वेगळें सांगावयास नको. चोवीस पेट्यांपैकीं कांहींवर आईबापांचीं नांवें असलींच पाहिजेत.

शेवटीं, ह्या पंचांगाच्या सगळ्या रूपांत पेंढ्याची ती जुनी चाल आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटते. वरवर पाहतां तीही मोजदादच: एका सत्कृत्याला एक काडी. परंतु त्या काड्या मुलाच्या खात्यावर जमा होत नाहींत. त्या दुसऱ्या कोणाच्या तरी अंगाखालीं जातात. गव्हाण भरत आली, म्हणजे कोणती काडी कोणाची हें सांगतां येत नाहीं, आणि सांगण्याचें कारणही उरत नाहीं. अंथरूण मऊ झालें कीं नाहीं, एवढाच प्रश्न राहतो. चोविसावी पेटी उघडून झाल्यावर आईबापांनीं मुलाला हाच एक प्रश्न विचारावा. आणि कोणाचें अंथरूण अजून टणकच राहिलें आहे असें मुलानें सांगितलें, तर पंचविसाव्या दिवसाचें काम काय, हें चिठ्ठीवांचून त्याला कळलें आहे असें समजावें.