गुपित कोणाचं?

परळला टाटा रुग्णालयाबाहेर फायली उराशी धरून बसलेली माणसं मुंबईकराला नवीन नाहीत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. यातलीच काही माणसं संमतिपत्रावर सही किंवा अंगठा करून एखाद्या चाचणीत सामील होतात. उपचार लागू पडेल का, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. ज्या डॉक्टरांना ते सर्वांत आधी कळतं, त्यांच्या शब्दाला दलाल स्ट्रीटवर मात्र वेगळीच किंमत असू शकते.

या व्यवहारातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं. मिशिगन विद्यापीठाचे मेंदूविकारतज्ज्ञ सिडनी गिलमन हे अल्झायमरवरच्या बापिन्यूझुमॅब या औषधाच्या चाचणीत सुरक्षा समितीचे प्रमुख होते. गुंतवणूकदारांना ते सल्लाही देत, तासाला सुमारे हजार डॉलर घेऊन. जुलै 2008 मध्ये निकाल जाहीर होण्याआधीच त्यांनी ते एसएसी कॅपिटलच्या मॅथ्यू मार्टोमाला सांगितले. निकाल निराशाजनक होते. एसएसीने शेअर विकले. नफा आणि टळलेला तोटा मिळून सुमारे साडेसत्तावीस कोटी डॉलर. 2014 मध्ये मार्टोमाला नऊ वर्षांची शिक्षा झाली. गिलमन यांनी खटला न भरण्याच्या बोलीवर साक्ष दिली.

त्या साक्षीतली एक गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त खुपते. मार्टोमाला पाहून आपल्याला आपल्या गमावलेल्या थोरल्या मुलाची आठवण येई, असं ते म्हणाले. म्हणजे हुशार पोरगा प्रश्न विचारतोय आणि जन्मभर शिकवलेला मास्तर उत्तर देतोय! लाच देणारा ओळखू येतो, कौतुकाने ऐकणारा नाही. ‘मी विकला जाणार नाही’ ही खात्री प्रामाणिक असली तरी इथे कुचकामी ठरते.

पण नुकसान कुणाचं झालं? औषध तसंही फसलंच होतं. कायदा म्हणतो, बाजारातल्या इतरांचं. आपल्या सेबीचे 2015 चे नियमही ‘किमतीवर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती’ अशाच भाषेत बोलतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. ती माहिती रुग्णांच्या शरीरातून आलेली असते. त्यांनी ती सगळ्यांच्या उपयोगासाठी दिली, एकाच्या आधी दुसऱ्याच्या कानात जावी म्हणून नव्हे. रुग्णाला हे कधीच कळणार नाही, असं कुणी म्हणेल. पण त्याला कळणार नाही म्हणूनच तर तो डॉक्टरवर विसंबलेला असतो.

मग डॉक्टरांनी सल्लाच देऊ नये का? तसंही नाही. भांडवलाशिवाय औषधं येत नाहीत, आणि छापून आलेलं समजावून सांगण्यात गैर काही नाही. फक्त ‘आतलं सांगणार नाही’ एवढ्यावर भागत नाही. महिनोन् महिने उत्साहाने बोलणारा माणूस एके दिवशी ‘यावर बोलू शकत नाही’ म्हणाला, की समोरच्याला हवं ते कळतं. गप्प बसणंही फोडणंच झालं. म्हणून समितीवर असताना त्या आजाराबद्दल गुंतवणूकदारांशी मुळात बोलणंच सुरू करू नये. फी घेऊन तर नाहीच, चहा पिऊनही नाही.

टाटाने 1600 स्त्रियांवर एक चाचणी केली. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे भूल देण्याचं साधं, स्वस्त औषध टोचायचं. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेलं. निकाल सप्टेंबर 2022 मध्ये पॅरिसच्या परिषदेत जाहीर झाला. लिडोकेनचं पेटंट कधीच संपलेलं आहे. आदल्या आठवड्यात ही बातमी कुणी दलाल स्ट्रीटवर विकायला नेली असती, तर तिला गिऱ्हाईक मिळालं नसतं.