पणजोबांच्या मागे

पूर्वजांच्या बाबतीत मी गरीब माणूस. पणजोबांच्या मागे माझा साठा संपतो. तरी देवळ्याला मास्तरकी करताना पाचवीच्या पोरांना मी ऐटीत गृहपाठ दिला, ‘आपापला वंशवृक्ष काढून आणा.’

आठवड्याने वर्गात जंगल उगवले. एकाच्या वडिलांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीतून सात पिढ्या उतरवून आणलेल्या. एकाने आजोबांच्या जागी बैलांची नावे घातली. त्यात खोडसाळपणा नव्हता हो, घरात तीच जास्त कानावर पडत. आणि मागच्या बाकावरच्या पोराने कोऱ्या पानावर एकच गोल काढला होता. त्याची आई कांद्याच्या चाळीवर मजुरीला यायची. “माले मोठी मायच माहीत शे, सर.” वर्ग हसला. मीही हसलो. ते अजून खुपते.

वास्तविक त्या सात पिढ्यांच्या डेरेदार वृक्षावर एकही बाई नव्हती! सगळे पुरुष बहुधा कलमे करूनच निपजले असावेत. सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव आणले. आमचा पोरगा त्याच्याही पुढे, थेट आजीवर!

पूर्वज तसे अडगळीतलेच. 2023 साली कुणबी नोंदींसाठी शाळांची जुनी रजिस्टरे निघाली, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला आणि पणजोबा एकदम कामाचे झाले. मग मलाच प्रश्न पडला, की पोरांना मी घराणे विचारले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, की एकमेकांना ओळखून असावे म्हणून? आपल्याकडे ‘आडनाव काय?’ हा प्रश्न काही नुसता आडनावापुरता नसतो.

त्या गृहपाठानंतर मी फळ्यावर गणित मांडले होते. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, मग आठ. दहा पिढ्यांमागे 1,024. वीस पिढ्यांमागे 10,48,576. वर्गात पोरे चाळीस, म्हणजे चार कोटींच्या वर! “एवढी माणसं पाचशे वर्षांपूर्वी आपल्या कसमाद्यात मावायची कुठं रे?”

बैलवाला म्हणाला, “सर, तीच तीच माणसं परत परत मोजली आपण.”

सात पिढ्यांच्या मालकाने मागे वळून पाहिले. मागच्या बाकाने हात वर केला.

“मंग सर, मन्ही मोठी माय तुम्हले काय लागस?”

मी डस्टर शोधू लागलो. ते माझ्या हातातच होते.