रेडिओचा आवाज

आमच्या चाळीतल्या खोल्यांमधली भिंत एका विटेची होती. पलीकडे कुणी बशीत कप ठेवला तरी ऐकू यायचं. पलीकडचे काका कारखान्यात फिटर होते. महिन्यातून दोन-तीनदा रात्री नऊच्या सुमाराला तिकडून आधी भांडं पडल्याचा आवाज यायचा आणि मागोमाग काकूंचा. आई पोळी लाटता लाटता थांबायची. वडील पाटावरून उठायचे, कोनाड्यातल्या रेडिओचं बटण फिरवायचे आणि परत येऊन बसायचे. बातम्या मोठ्याने लागायच्या. पलीकडचं सगळं संपेपर्यंत आम्ही जेवत असायचो.

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी आईवर हात उगारला नाही. चाळीत त्यांना देवमाणूस म्हणत आणि ते म्हणणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत पेपर आला की ते आतली पानं काकांना द्यायचे आणि दोघं कठड्याला टेकून वाचायचे. काका गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार होते. कॅरमला त्यांना जोडीदार कमी पडला नाही. काकू त्या दिवशी नळावर उशिरा यायच्या, पदर कानावरून पुढे ओढून.

काकांचा राग मला तेव्हाही यायचा. रेडिओचा विचार मात्र पन्नाशी ओलांडल्यावर सुचला. मारणारा आमच्या मजल्यावर एकच होता. पण मारूनही त्याचं काही जात नव्हतं. पत जात नव्हती, चहा बंद होत नव्हता, खजिनदारकी सुटत नव्हती. ती व्यवस्था बाकीच्या बिऱ्हाडांतल्या, कधीही हात न उगारणाऱ्या पुरुषांनी सांभाळली होती. पुरुषांशी हिंसेबद्दल बोलायचं तर माझ्या मते सुरुवात या बाकीच्यांपासून करायला हवी.

आपल्याकडे याचं एक जुनं उदाहरण आहे आणि ते पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलं जातं याचं मला वाईट वाटतं. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. लोखंडे सत्यशोधक होते, ‘दीनबंधु’चे संपादक होते, गिरणी कामगारांचे पुढारी होते. संप म्हणजे काय हे त्यांना नीट ठाऊक होतं. केशवपनाचा आग्रह धरणाऱ्या घरांत वस्तरा चालवायला घरातलं कुणी पुढे येत नसे. त्यासाठी नाभिकाला बोलावणं धाडायचं, तो यायचा, आणि कधी कधी बारा-तेरा वर्षांची ती पोर त्याच्यासमोर मान खाली घालून बसायची. धर्म, रूढी, शास्त्राधार या सगळ्याचं ओझं अखेर एका माणसाच्या हातावर येत होतं. त्या हातांनी सांगितलं, आम्ही येणार नाही.

त्या संपाने केशवपन एका दिवसात थांबलं नाही, पुढेही बरीच वर्षं ते चालू राहिलं. पण नाभिकांनी जे ओळखलं ते आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही. अन्याय करणारा कितीही जबरदस्त असो, त्याला आजूबाजूच्यांचं सहकार्य लागतं आणि ते सहकार्य काढून घेता येतं. त्याआधी आठ वर्षं, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना तोंडावर जाब विचारला होता. त्यावर टीकेची झोड उठली तेव्हा जोतीराव फुले ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. बाईने विचारलेल्या प्रश्नाला पुरुषांनी कृतीने उत्तर द्यायचं असतं, ही समज त्या वर्तुळात होती असं मला वाटतं.

आज तो वस्तरा कुणाच्या हातात आहे? मार खाऊन माहेरी आलेल्या बहिणीला चार दिवसांनी स्वतः एसटीत बसवून परत सोडून येणाऱ्या भावाच्या हातात आहे. ‘घरचं भांडण आहे ताई, घरात मिटवा’ म्हणून तक्रार न लिहिता चहा मागवणाऱ्या हवालदाराच्या हातात आहे. ग्रुपवर बायकांवरचा घाणेरडा विनोद आला की हसणारं तोंड टाकून मोकळ्या होणाऱ्या मित्राच्या हातात आहे. यांतल्या कुणीही बायकोला मारलेलं नसेल.

तो वस्तरा आणखी एका ठिकाणी असतो, मार खाल्लेल्या मुलीचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या घरच्यांच्या बैठकीत. त्या बैठकीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मी अशा दोन बैठकांना बसलो आहे. सतरंजी अंथरलेली असते. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, एखादा मामा, गावातला एखादा वजनदार माणूस. मुलगी आत, स्वयंपाकघराच्या दाराशी. बोलणी सुरू होतात ती हुंड्यातल्या राहिलेल्या वस्तूपासून किंवा मुलीच्या तोंडाळपणापासून. मारलं का, कशाने, कितीदा, हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘झालं गेलं गंगेला मिळालं, एक संधी देऊ.’ सगळे माना डोलावतात. मीही डोलावली होती. संधी द्यायची की नाही हे जिने द्यायची तिला विचारलेलं नसतं. त्या सतरंजीवर एकाने जरी म्हटलं असतं की आधी तिला बाहेर बोलवा, तिच्याशी बोलल्याशिवाय मी उठणार नाही, तर बैठक तिथेच वेगळी झाली असती. एवढंच वाक्य मला तेव्हा सुचलं नाही, आणि दुसऱ्या खेपेला सुचलं तेव्हा धीर झाला नाही.

धीर का होत नाही हेही प्रामाणिकपणे बोलायला हवं. मारणारा आपल्यावर उलटेल ही भीती असते, पण ती लहान. मोठी भीती वेगळीच असते. बाईच्या बाजूने बोलणाऱ्या पुरुषाला पहिला प्रश्न येतो, ‘तुझं काय जातंय? तुझी कोण लागते ती?’ त्या प्रश्नातच तिच्यावर आणि त्याच्यावर शिंतोडे उडालेले असतात. दुसरा प्रश्न असतो, बांगड्या भरल्यास का? एकट्या माणसाला हे सोसत नाही. म्हणून नाभिकांचा ठराव सभेत झाला. एकेकट्याने नकार दिला असता तर त्याचं गिऱ्हाईक शेजारच्याने घेतलं असतं.

1991 मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी इंग्रजी वृत्तपत्रात एक जाहिरात दिली होती. बायको ही मारण्यासाठी नसते असं मानणारे आणि ती मारहाण थांबवायला पुढे येऊ शकणारे पुरुष पाहिजेत, असा तिचा आशय होता. 205 पुरुषांनी उत्तरं पाठवली. त्यातून 1993 मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून महाविद्यालयांतल्या मुलांशी मर्दानगी, लैंगिकता, संशय, राग या विषयांवर बोलत आले आहेत. मला त्या 205 जणांचं फार अप्रूप वाटतं. एकमेकांना न ओळखणारी ही माणसं आपापल्या घरात असंच काहीतरी ऐकत बसलेली असणार, आणि आपल्यासारखा आणखी कुणी आहे हे त्यांना त्या जाहिरातीने कळलं असणार.

हा विषय निघाला की सज्जन पुरुष दुखावतात. ‘सगळेच तसे नसतात’ असं म्हणतात. बरोबर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चार बायकांमध्ये साधारण एकीने नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. म्हणजे तीन घरांत ती झाली नसेल असं धरू. त्या तीन घरांच्या मधोमध चौथं घर आहे आणि भिंती सामाईक आहेत. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या 44 टक्के पुरुषांनी आणि 45 टक्के बायकांनी काही ना काही कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य ठरवलं. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या निघाल्या फक्त 14 टक्के. बाकीच्या हाक मारणार नाहीत. त्यांच्याकडे कुणालातरी आपणहून जावं लागेल.

‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ मोहीम काढली तेव्हा नेमकं हेच सांगितलं होतं. मारहाण ऐकू आली की दाराची बेल वाजवायची. आत शिरून पंचगिरी करायची नाही. जाहिरातीतला शेजारी दूध मागायला आलो म्हणतो. मारणाऱ्याला समजतं की बाहेर ऐकू जातंय आणि ऐकणारा गप्प बसलेला नाही. माझ्या वडिलांना चार पावलं टाकायची होती. ती त्यांनी रेडिओपर्यंत टाकली.

मुलांबाबत मला जास्त आशा वाटते. मुंबईत क्रिकेटच्या प्रशिक्षकांना हाताशी धरून ‘परिवर्तन’ नावाचा उपक्रम झाला होता. त्यामागची कल्पना साधी होती. पोरगा बापाचं ऐकत नाही, पण कोचचं ऐकतो. ‘पोरीसारखा काय टाकतोस’ हे वाक्य मैदानावर दिवसातून पन्नास वेळा कानावर पडत असेल, तर मुलींबद्दलचा धडा तिथे रोज गिरवला जात असतो. अलीकडे मी एका मैदानाच्या कडेला बसलो होतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सीझन बॉल नडगीवर बसला आणि तो रडू लागला. स्लिपमधला एकजण हसला. कोच आला, खाली बसला, मुलाचं पॅड सोडलं आणि म्हणाला, ‘दुखतंय ना? बस पाच मिनिटं.’ मग हसणाऱ्याकडे बघून, आवाज न चढवता, ‘पाणी आण त्याच्यासाठी.’ तो पाणी घेऊन आला. पुढची दहा मिनिटं त्या मैदानावर कुणी कुणाची टर उडवली नाही.

माणसं ठरवून बदलतात याचे दाखले आपल्याच मातीत आहेत. राजर्षी शाहूंनी 1919 मध्ये कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्ध कायदा केला. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसंच करण्याचं आवाहन केलं. ठरावाचा कागद प्रत्येक अंत्ययात्रेत हजर नसतो. तिथे तिरडीभोवती उभ्या असलेल्या दीर-पुतण्यांपैकी कुणीतरी ‘राहू द्या त्या बांगड्या’ एवढं म्हणावं लागतं.

काकू गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. चाळही पाडली. नव्या इमारतीच्या भिंती जाड आहेत, पण डक्टमधून आवाज येतात. ज्यांना ते येतात त्यांच्यासाठी सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्याचं कलम 4 असं आहे की हिंसा झाली, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असं ज्याला सकारण वाटतं, तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कोणतीही जबाबदारी येत नाही. ती तुमची कोण लागते हे कायदा विचारत नाही. महिला हेल्पलाइनचा क्रमांक 181 आहे, आणि त्याच क्षणी मदत हवी असेल तर 112.