मत फिरवण्याचा हक्क

23 नोव्हेंबर 2024 च्या दुपारी मी पुण्यातल्या खोलीवर लॅपटॉपवर निकाल लावून बसलो होतो. महायुतीचा आकडा दोनशेच्या पुढे गेला तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली: ‘पंधराशे रुपयांत विकला गेला महाराष्ट्र.’ दोन चुलतभावांनी लगेच अंगठा दिला. त्या ग्रुपवर माझी मोठी आईही आहे. ती टाइप करत नाही, पण वाचते सगळं. तिच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे हप्ते येतात हे मला माहीत होतं. लिहिताना ती डोक्यात नव्हती, असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

फेब्रुवारीत महाशिवरात्रीला गावी गेलो. मार्कंड्याच्या जत्रेत दर्शन झाल्यावर आम्ही वैनगंगेच्या वाळूत बसलो होतो. मोठी आई डब्यातली भाकर काढता काढता म्हणाली, “तू मले इकली म्हनलं का रे बाबू?”

मी गडबडलो. तुला नाही, एकूण राज्याबद्दल बोलत होतो, सरकारी तिजोरी, कर्ज, असं काहीबाही सुरू केलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन् एप्रिलात मी पंजाले मत देलं, तवा मले कोनं इकत घेतलं होतं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण त्याच ग्रुपवर 4 जूनला मीच लिहिलं होतं की गडचिरोलीच्या माणसांनी संविधान वाचवलं. गडचिरोली-चिमूरमध्ये काँग्रेसचे नामदेव किरसान 1 लाख 41 हजारांच्या फरकाने निवडून आले होते. शेजारच्या चंद्रपुरात प्रतिभा धानोरकरांनी सुधीर मुनगंटीवारांना 2 लाख 60 हजारांनी हरवलं होतं. राज्यात 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीच्या, 17 महायुतीच्या. आणि सहा महिन्यांच्या आत 288 पैकी 230 महायुतीच्या. किरसानांच्या मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा येतात. त्यातल्या आरमोरी आणि ब्रह्मपुरी काँग्रेसकडे, बाकी चार महायुतीकडे. मार्कंडा ज्या गडचिरोली मतदारसंघात येतं, तिथे भाजप.

बोटाला शाई लावणारी माणसं बहुतांशी तीच. जूनमध्ये ती माझ्या लेखी शहाणी होती, नोव्हेंबरात विकाऊ झाली. मधल्या काळात त्यांच्या अकलेत काही बदल झाला असेल असं मला वाटत नाही. बदलला तो निकाल. आपल्या मनासारखं झालं की मतदाराने विचार केला, नाही झालं की त्याला भुलवलं. हे फक्त माझ्या बाजूचं दुखणं नाही. जूनमध्ये समोरच्या बाजूचे लोक ‘खोट्या प्रचाराला बळी पडले’ असंच म्हणत होते.

पैशाचं काय, हा प्रश्न तरीही उरतो. तो मी झटकणार नाही. योजना 28 जून 2024 च्या अर्थसंकल्पात आली, म्हणजे लोकसभेचा फटका बसल्यावर. पहिले पैसे रक्षाबंधनाच्या सुमारास खात्यात पडले. हा योगायोग नव्हता. पण मग विरोधकांनी काय केलं? त्यांनी जाहीरनाम्यात तीन हजार लिहिले. आणि मी काय केलं? 1 फेब्रुवारी 2025 ला केंद्राच्या अर्थसंकल्पात नव्या रेजिममध्ये 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ झाला. दिल्लीचं मतदान चार दिवसांवर होतं. आमच्या ऑफिसात लोकांनी कॅल्क्युलेटर उघडून वर्षाला किती वाचतील ते मोजलं. मीही मोजलं. माझे वाचणारे पैसे मोठ्या आईच्या वर्षाच्या अठरा हजारांपेक्षा जास्त होते. आम्हाला कुणी विकलेले म्हणालं नाही. आमच्यासाठी शब्द होता ‘मध्यमवर्गाला दिलासा’.

निवडणुकीच्या तोंडावर सरकारी तिजोरी उघडणं गैर आहे, कारण विरोधकाच्या हातात तिजोरी नसते. पण हा दोष उघडणाऱ्याचा. घेणारीला त्याच तराजूत बसवायचं कारण नाही. तिच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा, नवऱ्याला न विचारता खर्च करता येतील असे पैसे आले, आणि ते चालू राहावेत म्हणून तिने मत दिलं असेल, तर राजकारण याहून वेगळं कशाला म्हणतात?

अमेरिकेत दर दोन वर्षांनी प्रतिनिधीगृह नव्याने निवडतात. 2018 च्या मध्यावधीत तिथल्या लोकांनी ते डेमोक्रॅट्सना दिलं, 2022 मध्ये काढून रिपब्लिकनांना दिलं. आपल्याकडे गंमत अशी की मध्यावधी झाली, पण मतदाराशिवाय झाली. 21 ऑक्टोबर 2019 ला आपण एकदाच मत दिलं. त्या एका मतावर तीन मुख्यमंत्री झाले: 23 नोव्हेंबरच्या पहाटे देवेंद्र फडणवीस, पाच दिवसांनी उद्धव ठाकरे, 30 जून 2022 ला एकनाथ शिंदे. 2 जुलै 2023 ला अजित पवार सरकारात गेले. त्यांच्यासोबत शपथ घेणाऱ्यांत आमच्या जिल्ह्यातले अहेरीचे आमदार धर्मरावबाबा आत्रामही होते. 2019 मध्ये त्यांनी भाजपच्या उमेदवाराला हरवून ती जागा जिंकली होती. ज्यांनी भाजप नको म्हणून त्यांना मत दिलं, त्यांना कुणी विचारलं नाही.

यासाठी कायदा आहे. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट 1985 चं. एक तृतीयांश आमदार फुटले तर चालेल, ही पळवाट 2003 मध्ये बुजवली. तरी 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत विधानसभाध्यक्षांनी शिवसेना आणि राष्ट्रवादी, दोन्हींच्या प्रकरणांत एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. या सगळ्याला आपण काय म्हणतो? ‘राजकीय भूकंप’, ‘मास्टरस्ट्रोक’, ‘चाणक्य’. मोठी आई पाच वर्षांत एकदा, रांगेत उभी राहून, नियमाप्रमाणे बाजू बदलते आणि ती विकाऊ. आमदार मधेच बदलतो तो मुत्सद्दी.

मला हे उलटं वाटतं. मत तिचं स्वतःचं आहे. ते तिने कुणाला आयुष्यभरासाठी बांधून दिलेलं नाही. आमदाराकडची सत्ता मात्र उसनी आहे. उसनी वस्तू तिसऱ्याला देताना मालकाला विचारावं लागतं.

याच्याविरुद्ध एक जुना युक्तिवाद आहे. एडमंड बर्कने 1774 मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना सांगितलं होतं की प्रतिनिधी हा तुमचा निरोप्या नाही, त्याने स्वतःच्या बुद्धीने वागावं. मला ते पटतंही. एखाद्या विधेयकावर आमदाराने माझ्या मनाविरुद्ध मत द्यावं, जरूर द्यावं. पण बर्क जे बोलला ते तोंडावर बोलला, आणि 1780 मध्ये ब्रिस्टल आपल्याला पुन्हा निवडणार नाही असं दिसल्यावर मैदानातून बाजूला झाला. हॉटेलात बसून त्याने बहुमत हलवलं नव्हतं.

माझ्या म्हणण्याला खरी अडचण आणतं ते अहेरीच. 2024 मध्ये तिथे धर्मरावबाबांसमोर शरद पवारांच्या पक्षाकडून त्यांचीच मुलगी भाग्यश्री होती आणि अपक्ष म्हणून पुतणे अंबरीशराव. तिथल्या मतदारांनी धर्मरावबाबांनाच निवडलं. म्हणजे मालकाने उशिरा का होईना, चालेल म्हटलं. मग तक्रार करणारा मी कोण? यावर मी बरेच दिवस घुटमळलो. नंतर मिळालेली संमती खरी असते, ती नाकारता येत नाही. पण तिने सोळा महिन्यांपूर्वीचं न विचारणं पुसलं जात नाही. शेजाऱ्याने न सांगता बैलजोडी नेली, नांगरट करून परत आणली आणि मी राग धरला नाही, तरी ती त्याने न विचारताच नेली होती.

वाळूवर ऊन चढत होतं. मी मोठ्या आईला म्हटलं, चुकलंच माझं. मग राहवेना म्हणून विचारलं, “पण एप्रिलात पंजा आणि नोव्हेंबरात कमळ, असं का केलंस?”

“थे मी तुले काहून सांगू?” ती म्हणाली. डबा पिशवीत टाकला आणि जत्रेतून पोलपाट घ्यायचाय, म्हणून उठली.