खाट

आमच्या आण्णांची खाट सव्वादोन वर्षांत तीनदा हलली. बसून, चर्चा करून कुणी तसं ठरवलं नव्हतं. तरी ती हलली.

आण्णांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ते पंच्याहत्तरीच्या घरात होते. उजवा हात-पाय गेला, वाचाही गेली. तोंडातून नुसतं 'हां, हां' एवढंच निघायचं. दवाखान्यातून आणलं आणि सोप्यात दाराजवळच खाट टाकली. आल्यागेल्यानं आधी त्यांच्यापाशी टेकायचं, मग चहा. धाकटा भाऊ मुंबईला माथाडीत, तो पंधरा दिवस खाडा करून राहिला. बहिणी आळीपाळीनं आल्या. रात्री कुणी जागायचं यावरून आमच्यात चढाओढ. गावातली माणसं म्हणाली, पोरं असावीत तर अशी. आम्हालाही ते खरं वाटलं.

महिनाभर चांगलं वागायला कुणालाही जमतं. पुढं पेरणी आली. भाऊ गेला, बहिणींना त्यांचे संसार होते. राहिलो मी, माझी मंडळी आणि पोरं.

थोरल्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. सोप्याला औषधाचा, लघवीचा वास भरला होता. 'दोन दिवसांपुरती' म्हणून खाट पडवीत नेली. पाहुणे येऊन गेले, सोयरीक जमली, लग्नही झालं. खाट पडवीतच राहिली. पावसाळ्यात पडवीत पाणी उडायला लागलं म्हणून धान्याच्या खोलीत गेली. मग रास आली, पोती ठेवायची कुठं? म्हणून गोठ्याशेजारच्या खोलीत. तिथं हवा खेळती होती, धुणं-पाणी काढायला सोपं होतं. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला तेव्हाच लाज वाटली असती.

बोलणंही असंच हललं. आधी म्हणायचो, 'आण्णांना जेवायला दिलं का?' मग झालं, 'त्यांना दिलं का?' शेवटी, 'तिकडं दिलं का?' आख्ख्या घराचा कर्ता माणूस, त्याची एक दिशा झाली.

माझी बायको तोंडानं फटकळ. भांडी आपटायची, 'माझं मेलीचं नशीब' म्हणायची, त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. मला राग यायचा. पण सव्वादोन वर्षांत आण्णांच्या पाठीला एक जखम झाली नाही. दर दोन-तीन तासांनी ती त्यांची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. आणि मी? मी त्यांच्याशी कधी वाकडा शब्द बोललो नाही. दारात उभं राहून 'काय आण्णा, बरंय ना?' असं गोड विचारायचो आणि रानात निघून जायचो. भाऊ फोनवर म्हणायचा, 'पैशाकडं बघू नका.' पैसे मात्र सणासुदीलाच यायचे. बदलली कोण, ती का आम्ही, हे मला तेव्हा कळलं नाही.

माझी एक जमाखर्चाची वही आहे, दहावीपासूनची सवय. परवा जुनी वही चाळली. एकाच पानावर 'सरकी पेंड', खाली 'आण्णा औषध', खाली 'मोटार रिवाइंडिंग'. कांद्याच्या पट्टीतनं काय काय वजा झालं त्याचा हिशेब. ज्या माणसानं ही जमीन राखली त्याला मी खर्चाच्या बाजूला लिहीत होतो. हिशेबात दुसरीकडं लिहिता येतही नाही म्हणा. पण लिहिताना हात थांबला नाही, हे खरं.

आणखी एक खरं सांगतो. 'सुटले पाहिजेत बिचारे, हाल बघवत नाहीत,' असं मी चार माणसांत म्हणायचो. हाल बघायला मी किती वेळ थांबत होतो? सुटायचं होतं मला.

दुसऱ्या उन्हाळ्यात आण्णांना ताप यायला लागला, लघवीला जळजळ. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय, भरपूर पाजा. पाणी तर रोज उशाला होतं. दुसऱ्या दिवशी मी दुपारचा घरी आलो तर तांब्या सकाळी भरला तसाच, काठोकाठ. मी चिडलो. 'आण्णा, पाणी का पीत न्हाई? पोराबाळांना घोर लावायचा काय?' त्यांनी डावा हात हलवला. नको म्हणाले. मग तोच हात दाराकडं केला. बाहेर दगडावर माझी बायको त्यांचीच धोतरं, गोधडीची फडकी आपटत होती.

मला कळायला वेळ लागला. पाणी प्यायलं की अंथरूण ओलं होणार. ओलं झालं की ती धुणार, बोलणार. आण्णांनी वाचा नसताना हिशेब मांडला होता आणि त्यात स्वतःचं पाणी तोडलं होतं. कालवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस. आता काय पुढं येईल ते गिळायचा आणि वर नातवाकडं बघून हसायचा. मी समजत होतो, दुखण्यानं मवाळ झाले.

सन 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आण्णा-आई पाझर तलावाच्या कामावर जायचे. माझी आजी डोळ्यांनी अधू झालेली, घरी एकटी कशी ठेवायची? आण्णा तिला पाठीवर घेऊन कामावर न्यायचे. घोंगड्याच्या सावलीला बसवायचे. सुकडी मिळाली की पहिली मूठ तिला. घरात तांबडी मिलो, तिच्या भाकरीला चव नाही, पण आजीला दुधाचा थेंब असलाच तर त्यात कुस्करून. हे मी पोरांना अभिमानानं सांगायचो, तेव्हाची माणसं अशी होती म्हणून. आण्णा गेल्यावर आईनं मला वेगळंच सांगितलं. एका रात्री आण्णा तिला म्हणाले होते, 'ही कवा सुटायची?' म्हणाले आणि बाहेर जाऊन रडले. सकाळी पुन्हा आजीला पाठीवर घेतलं. म्हणजे मनात यायचं ते त्यांच्याही आलं होतं. फक्त त्यांची पाठ रोज तिच्या अंगाला लागत होती, आणि मी दारात उभा राहत होतो.

आता कायदा आहे, 2007 चा. पोरं सांभाळत नसली तर म्हाताऱ्यांना प्रांताकडं दाद मागता येते, पोटगी मिळते. चांगलंच आहे. पण आण्णांना आम्ही वेळच्या वेळी खायला घालत होतो, औषध देत होतो. प्रांतसाहेबानं काय लिहिलं असतं?

त्या दिवसापासून पाणी मी पाजायला लागलो. धुणंही काढायला शिकलो. पहिल्यांदा पोटात ढवळलं, मग सवय झाली. खाट परत सोप्यात आणली. मंडळी म्हणाली, 'आत्ता सुचलं व्हय?' शेवटचे चार महिने आण्णा दाराजवळ होते.

गेल्या साली बांधावरून घसरून माझा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. पहिल्याच रात्री बायकोनं विचारलं, 'पाणी देऊ?' तिचे गुडघे दुखतात, भांडं द्यायला तिला पुन्हा उठावं लागलं असतं. मी म्हणालो, 'नको, तहान न्हाई.'

ती तांब्या घेऊन खाटेशी आली. म्हणाली, 'मामंजीबी असंच करायचे. गप प्या.'