पारण्यानंतरचं ताट

(सोलापूरच्या साखर पेठेतलं एकत्र कुटुंब. काकू निवृत्त शास्त्र-शिक्षिका. पुतणीने आठवडाभर फळांच्या आणि भाज्यांच्या रसावर राहून ‘डिटॉक्स’ पुरा केला आहे. दोघी कल्पित आहेत. पेच मात्र हल्ली घरोघरी दिसतो.)

पुतणी : काकू, आज भाकरी खायची म्हणून सकाळपासून धाकधूक आहे. हा जो हलकेपणा आलाय, तो एकदा गेला की पुन्हा यायचा नाही असं वाटतं.

काकू : वजन उतरलं ना? त्यातलं बरंचसं पाणी आहे हे आत्ताच सांगते, म्हणजे उद्या काटा वर गेला तर रडणार नाहीस. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठलेलं असतं, त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी. खाणं आटलं की साठा सरतो, त्याच्याबरोबर पाणीही जातं. जेवायला लागलीस की दोन्ही परत येणार. ती चरबी नव्हे.

पुतणी : आणि विषारी द्रव्यं बाहेर पडली, त्याचं काय?

काकू : ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात. तू रस पीत नव्हतीस तेव्हाही करत होती. पण तुला हलकं वाटलं ते खोटं नाही. तळण, साखर, बेकरीचं, रात्री अकराचं जेवण, सगळं एकदम बंद झालं. बरं वाटणारच.

पुतणी : मग ते बंदच राहिलेलं बरं. तेव्हा डोकं शांत होतं. कागदावर लिहिलेलं प्यायचं आणि कामाला लागायचं. आता घासागणिक ठरवायचं, हे घेऊ की नको.

काकू : शांत होतं, कारण ठरवणारं दुसरंच कुणी होतं. एकादशीचंच बघ. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं. एकादशी धरणाऱ्याला द्वादशी सरायच्या आत पारणं करावंच लागतं, नाही केलं तर व्रताला दोष. ज्यांनी उपास लावून दिला, त्यांनी तो सोडायची वेळही लावून दिली. चांगलं वाटतंय म्हणून लांबवायची सूट नाही.

पुतणी : आणि एकादशी, दुप्पट खाशी? साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, तुपातले बटाटे?

काकू : मान्य. बऱ्याच घरांत तो नुसता पदार्थांचा बदल असतो. मी शेवटाबद्दल बोलतेय. चरकसंहितेत शोधनानंतर जेवणावर यायचा क्रमच दिलाय, संसर्जन क्रम. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग दाट विलेपी, मग कडधान्याचं कढण, तेही आधी साधं आणि नंतर मीठ-तुपाचं, मग मांसरस. शुद्धी उत्तम झाली असेल तर नेहमीच्या जेवणावर यायला सात दिवस. परत येणं हा तिथं उपचाराचाच भाग आहे. तुला दोन दिवस हुलग्याचं माडगं आणि ताकातल्या कण्या दिल्या, त्या उगाच नाही.

(बोलता बोलता काकूंनी गरम पाण्यात मळलेला उंडा परातीत थापला. दळण ताजं, पिठाला विरी होती, कड कुठं फाटली नाही. तव्यावर टाकून वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकता सुकता उलटली, मग जाळावर धरली. भाकरी टम्म फुगली. वरचा पापुद्रा सोलून त्यांनी पुतणीच्या ताटात ठेवला.)

पुतणी : पण यादी नको, क्रम नको, नुसतं शरीराचं ऐका असंही म्हणतात.

काकू : लगेच नको ऐकूस. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. नंतर जेवण मोकळं केलं, तेव्हा कितीतरी जण पोट तडस लागेपर्यंत खात आणि तरी भूक भागत नसे. तुझा आठवडा त्याच्यापुढे काहीच नाही. पण ताणलेली भूक लगेच खरं बोलत नाही, एवढं त्यातून घे.

पुतणी : ठीक. मग ऐकायचं कुणाचं? ‘सगळं खा, बेतानं खा’ हे या घरात मी लहानपणापासून ऐकतेय. बाबांना साखर, काकांना रक्तदाब. दोघंही आयुष्यभर घरचंच जेवले. बेताला कड नसते काकू. नियमाला असते.

(इथे काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मला वाटतं, या बोलण्याला सोपं उत्तर नाही.)

काकू : खरंय. आपली शेंगाचटणीच घे. उखळात दाणे, लसूण, तिखट कुटत राहायचं, तेल सुटून गोळा व्हायला लागला की झाली. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 40 ग्रॅमच्या आसपास नुसती चरबी, आणि आपण वर तेल ओतून घेतो. तुझे आजोबा गिरणीत उभ्याने पाळी करायचे, त्यांना ते पचत होतं. गिरण्या बंद पडल्या, माणसं खुर्चीत बसली, चटणीचा चमचा तेवढाच राहिला. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं आपल्याला केवढं कौतुक! आणि रात्री आपल्याच ताटात गव्हाची पोळी, त्यावर डोंगरभर भात.

पुतणी : म्हणून तर मी माझं वेगळं करणार होते.

काकू : तेच मला टोचतं. परवा तू तुझी बाटली वेगळ्या फळीवर ठेवलीस, आमच्या भांड्यांना लागू नये म्हणून. माझ्या सासूबाई सोवळ्यात अगदी असंच करायच्या. त्यांचं पाणी वेगळं, आम्ही विटाळलेले. तू शुद्ध झालीस आणि या घरातलं अन्न घाण ठरलं, असं होत असेल तर तो आठवडा वायाच गेला म्हणायचा.

पुतणी : मी तसं मनात आणलं नव्हतं.

काकू : त्यांनीही आणलं नसेल.

पुतणी : पण जुन्याच ताटावर परत या, असंही तुम्ही आता म्हणू शकत नाही. दोष त्या ताटात आहे, हे तुम्हीच कबूल केलंत.

काकू : केलं. मग ताट बदलू, पण सगळ्यांचं. रात्री पोळीऐवजी भाकरी. भात वाटीने. पालेभाजी रोज, ती मी निवडते. चटणी राहील, चमच्याने, दह्यात कालवून. वरचं तेल बंद.

पुतणी : आणि गड्ड्याच्या यात्रेत भजी?

काकू : खायची. दुसऱ्या दिवशी रसावर राहून पापक्षालन मात्र करायचं नाही. तोच फेरा मला नको आहे.

पुतणी : बाबांचं एवढ्या झटक्यात बदलायचं? त्यांच्या गोळ्या चालू आहेत. भात कमी झाला तर साखर फार उतरायची.

काकू : बरं सुचलं तुला. त्यांचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही हलवायचं नाही. शनिवारी त्यांची तपासणी आहे, तू सोबत जा. काय काय बदलतोय ते कागदावर लिहून ने, आणि काकांनाही घेऊन जा. मिठाचं त्यांना माझ्याकडून पटत नाही.