उपस्थात्याचा अधिकार

३० जानेवारी २०२५ रोजी कर्नाटक शासनाच्या आरोग्य खात्याने बंगळूरहून एक परिपत्रक काढले. बरे होण्याची आशा उरलेली नाही आणि जीव केवळ उपचारांच्या आधारे तगून आहे, अशा रुग्णाचे जीवनरक्षक उपचार थांबवावयाचे झाल्यास रुग्णालयाने कोणती रीत पाळावी, हे त्यात सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सुलभ केली. ती प्रत्यक्ष रुग्णालयाच्या दारापर्यंत आणण्याचे काम या परिपत्रकाने केले. डॉक्टरांचे एक प्राथमिक मंडळ, त्याचे मत पुन्हा तपासणारे दुसरे मंडळ, नातलगांची संमती आणि निर्णयाची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे, अशी ही रचना आहे. ती विचारपूर्वक केलेली आहे, यात शंका नाही. मात्र त्याच रुग्णाला रात्रंदिवस कुशीवर वळवणारी, त्याच्या श्वासातला फरक सर्वांआधी ओळखणारी परिचारिका या मंडळांत कोठेही नाही.

ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. ज्या प्रकरणाने भारतात या प्रश्नाला कायद्याच्या चर्चेत आणले, त्यात रुग्ण परिचारिका होती आणि तिच्या वतीने बोलणाऱ्याही परिचारिकाच होत्या.

अरुणा शानभाग मूळची कर्नाटकातीलच, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची. परिचारिकेचे शिक्षण घेऊन ती मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात नोकरीला लागली. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी पाळी संपल्यावर ती रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना तेथील एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि पंचविशीतली ती तरुणी कायमची अंथरुणाला खिळली. आरोपीला खुनाचा प्रयत्न व चोरी या गुन्ह्यांसाठी सात वर्षांची सजा झाली; लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. या घटनेनंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. अरुणाला नीट उपचार मिळावेत आणि आपल्यालाही सुरक्षितपणे काम करता यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. ज्या व्यवस्थेला आपल्या परिचारिकेसाठी कपडे बदलण्याची एक सुरक्षित खोली देता आली नाही, तिनेच पुढे त्या परिचारिकेला बेचाळीस वर्षे खाट दिली, हा या कथेतील विरोध मनात ठेवूनच पुढे जावे लागते.

खाटही सहजासहजी राहिली नाही. १९८० च्या दशकात तिला अन्यत्र हलवून खाट मोकळी करावी, असा विचार महापालिकेने चालवला. आरोग्यधोरणाच्या दृष्टीने त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. सार्वजनिक रुग्णालयात जमिनीवर गादी टाकून झोपलेला रुग्ण कोणी पाहिलेला नाही? एका खाटेवर एका वर्षात कित्येक रुग्ण बरे होऊन जाऊ शकतात. तेथे कधीच बरी न होणारी एकच व्यक्ती का ठेवावी, हा प्रश्न निर्दय वाटला तरी खोटा नाही. परिचारिकांनी तीव्र विरोध केला आणि पालिकेने तो विचार सोडला. त्या विरोधामागे नुसता कळवळा होता, असे समजणे म्हणजे त्याला कमी लेखणे होय. जी संस्था आपल्या सेवेत मोडून पडलेल्या माणसाला खाटांच्या हिशेबात धरते, तिच्यासाठी कोणी का झिजावे, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो व्यवहाराचाच होता.

त्यांनी केलेल्या शुश्रूषेची साक्ष न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे: सदतीस वर्षांत अरुणाच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे, त्याला या वाक्याचे वजन कळेल. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा परिपाठ धरला, तर सदतीस वर्षांत ती दीड लाखाहून अधिक वेळा बदलावी लागते. या प्रकरणावर पिंकी विराणी यांचे इंग्रजी पुस्तक १९९८ साली आले. दत्तकुमार देसाई यांचे ‘कथा अरुणाची’ हे नाटक विनय आपटे यांनी २००२ साली रंगभूमीवर आणले. तथापि दीड लाख वेळा कूस बदलण्याला कथानक नसते. साहित्याला अत्याचाराची घटना सापडते, शुश्रूषा सापडणे अवघड जाते. आणि बहुधा धोरणालाही ती त्याच कारणाने दिसत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. वैद्याला प्राधान्य आहे. परंतु उपस्थाता, म्हणजे जवळ उभा राहणारा परिचारक, हाही स्वतंत्र पाय आहे, वैद्याचा हात नव्हे. त्याच्यासाठी चार गुण सांगितले आहेत: उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. यांपैकी तीन परीक्षेने पारखता येतात. अनुराग पारखता येत नाही. तरीही चरकाने तो शोभेचा म्हणून नव्हे, तर पात्रतेचा म्हणून सांगितला. येथे एक सावधगिरी हवी. हा अनुराग ज्याच्याविषयी असावा, त्याला मूळ संहितेत ‘भर्ता’ म्हटले आहे. भर्ता म्हणजे पोसणारा, धनी. म्हणजे त्या अनुरागात सेवकाची स्वामिनिष्ठा मिसळलेली आहे, आणि परिचारिकेकडून त्याग गृहीत धरण्याची आपली सवय तेथपर्यंत मागे जाते.

परळला जे घडले, त्यात धनी कोणीच नव्हता. सुरुवातीच्या परिचारिकांसाठी अरुणा ही सहकारी, मैत्रीण होती. त्या निवृत्त झाल्या. नंतरच्या मुलींनी तिला बोलताना, चालताना कधी पाहिलेच नव्हते. काहींचा तर १९७३ साली जन्मही झाला नव्हता. तरीही पाळी बदलताना जशी नोंदवही हाती देतात, तसा हा अनुराग एका पिढीने दुसरीच्या हाती दिला. भावना ही वैयक्तिक असते आणि कर्तव्य संस्थेचे असते, अशी जी सोयीची वाटणी नीतिशास्त्राची पुस्तके करतात, ती येथे टिकत नाही.

पण अनुरागाला मालकीचे रूप यायला वेळ लागत नाही, हा आक्षेपही टाळता येणार नाही. पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने न्यायालयात मागणे मांडले ते याच जाणिवेतून: असे जगणे तिच्यावर का लादावे? विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारले, तेव्हा तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. अरुणाला नाकारताही येत नव्हते आणि स्वीकारताही येत नव्हते. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विराणी यांची मागणी फेटाळली, तेव्हा रुग्णालयात पेढे वाटले गेले. तो आनंद अनेकांना खटकला, आणि तो खटकणे स्वाभाविक आहे.

तथापि परिचारिका नेमका कशावर हक्क सांगत होत्या, हे पाहिले पाहिजे. अरुणाची इच्छा आम्हांला ठाऊक आहे, असा दावा कोणालाच करता येत नव्हता. ती आज कशी आहे, हे मात्र त्यांना ठाऊक होते: घास कोणता गिळते, कोणता ओठांबाहेर सारते, कोणत्या स्पर्शाने आवाज करते. हे निदान नव्हे आणि इच्छापत्रही नव्हे. सहवासातून येणारे ते तिसऱ्या प्रकारचे ज्ञान आहे. न्यायालयाने त्याला मान दिला. अरुणाचा वादमित्र, म्हणजे स्वतः बोलू न शकणाऱ्याच्या वतीने बोलण्याचा अधिकारी, विराणी नसून रुग्णालयाचा कर्मचारीवर्ग आहे, असे त्याने ठरवले. एवढेच नव्हे, तर पुढे या कर्मचाऱ्यांचे मत बदलल्यास रुग्णालयाने उच्च न्यायालयात जावे, असेही म्हटले. म्हणजे जगवण्याचा आग्रह धरण्याइतकाच तो सोडून देण्याचा मार्गही त्यांच्यासाठी मोकळा ठेवला. २०१८ च्या घटनापीठाने या निकालातील पूर्वनिर्णयाचे वाचन सदोष ठरवले. पण बोलण्याचा अधिकार सेवेतून येतो, हा त्यातील विचार त्याने खोडून काढलेला नाही. पुढच्या रीतींत तो केवळ मागे पडला.

धोरणाला अनुराग निर्माण करता येत नाही. तो जगेल अशी परिस्थिती मात्र ठेवता येते. अध्यापन-रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा जुना दंडक आहे. सरकारी रुग्णालयाच्या कोणत्याही कक्षात रात्री जाऊन मोजले, तर त्याचे काय झाले आहे ते समजते. त्यात करारावरील नेमणुकांची भर पडली आहे. परळची परंपरा कायम नोकरीत एकत्र मुरलेल्या स्त्रियांनी चालवली. पुढच्या वर्षी आपण याच कक्षात असू की नाही हे जिला ठाऊक नाही, तिने कोणाकडून काय वारशाने घ्यावे? बंगळूरमध्येच १९९४ साली स्थापन झालेली ‘करुणाश्रय’ ही धर्मादाय संस्था असाध्य कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. तेथे डॉक्टरांचे बहुतेक उपाय संपलेले असतात आणि उरते ती परिचर्या. मंडळात बसवण्याजोगे ज्ञान कोणाजवळ आहे, हे शोधायला शासनाला शहराबाहेर जावे लागणार नाही.

अरुणा शानभाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. तिचा निरोप घ्यायला रुग्णालयातल्या परिचारिका जमल्या होत्या. परिपत्रकाच्या रीतीने होणाऱ्या मृत्यूत दोन्ही मंडळांच्या सह्या झाल्यावर डॉक्टर यंत्र थांबवतात. त्यानंतर कधी काही मिनिटे, कधी काही दिवस जातात. त्या वेळात ओठ ओले करणे, घशातला कफ काढणे, नातलगांना खुर्ची देणे आणि शेवटी नोंदवहीत वेळ लिहिणे, हे सारे पाळीवर असलेली परिचारिका करते.